बसगाडीच्या अंगावरील जाहिराती

गेल्या पावसाळ्यांत एका शहरांत मी सायंकाळीं बसनें जात होतों. खिडकीच्या काचेवर बाहेरून एक भलें मोठें चित्र चिकटविलेलें होतें. उतरण्याचें ठिकाण ओळखावें म्हणून बाहेर पाहूं लागलों, तों सारें धूसर! दोन थांबे पुढें गेल्यावर उतरलों आणि छत्री सांवरीत पायीं परतलों.

हें चित्र कागदावर नसतें. बारीक भोंकें पाडलेल्या प्लास्टिकच्या पातळ पटलावर तें छापतात. दिवसा बाहेर उजेड अधिक असल्यामुळें रस्त्यावरच्यास चित्र दिसतें आणि आंतल्यास भोंकांतून रस्ता दिसतो. गाडींत दिवे लागले कीं उजेडाचें प्रमाण उलटतें. त्यांत पावसाचें पाणी भोंकांत शिरलें म्हणजे दृष्टि खुंटलीच.

मग जाहिराती मुळींच नकोत काय? ब्राझीलमधील साओ पावलो नगरानें १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरील फलकांबरोबर बसगाड्यांवरील जाहिरातीहि बंद केल्या. मला हा उपाय आपल्याकडे परवडणारा वाटत नाहीं. मुंबईंत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं आणि बस १५ जुलै १९२६ रोजीं सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा कारभार म्युनिसिपालिटीच्या हातीं आला. सार्वजनिक गाडी चालवावयाची, तर खर्च भाड्यांतून निघावा कीं करांतून, हा तंटा अटळच. जाहिरातदाराकडून कांहीं रक्कम येत असेल, तर तेवढा भार गरीब उतारूवर पडत नाहीं.

मात्र पैसा देणाऱ्याची प्रत्येक मागणी मान्य केलीच पाहिजे असें नाहीं. लंडनच्या वाहतूक संस्थेनें २५ फेब्रुवारी २०१९ पासून अतिशय गोड, खारट व स्निग्ध खाद्यपदार्थांच्या जाहिराती आपल्या सेवेंत नाकारल्या. मजकुराला मर्यादा घालतां येते, तशी जागेलाहि येईल.

मुंबईच्या बसचा तांबडा रंग आणि कपाळावरचा मराठी आंकडा यांवर किती वृद्धांची भिस्त असते! नजर अधू झाली म्हणजे आधीं रंग ओळखावयाचा, मग आंकडा. साऱ्या गाडीला चित्र गुंडाळलें, तर ती बस कीं एखाद्या दुकानाची गाडी, हें जवळ येईपर्यंत कळत नाहीं. आणि तोंवर ती निघूनहि जाते. म्हणून काच मोकळी, आंकडा मोकळा आणि मूळचा रंग दुरून दिसेल इतका राखावा.

खिडकीखालच्या पत्र्यावर साबणाची जाहिरात असली तर माझी तक्रार नाहीं. साबण मीहि वापरतों.