हसण्याची किंमत शंभर पौंड

राजाला तोफेचा धाक नसतो. त्याला धाक असतो हसणाऱ्या माणसांचा. दोनशे वर्षांपूर्वीचे लंडन पाहा. सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंचे छापील चित्रांचे दुकान होते. माडीवर जेम्स गिलरे तांब्याच्या पत्र्यावर व्यंगचित्रे कोरायचा, खाली ती खिडकीत लागायची. विकत घ्यायला शिलिंग मोजावे लागत. रस्त्यात उभे राहून राज्यकर्त्यांना हसायला मात्र काहीच पडत नसे.

१७९२ साली गिलरेने युवराज चितारला. जेवून पोट टम्म फुगलेले, बंडीचे जेमतेम एक बटण तग धरून, काट्याने दात कोरणे चालू आणि मागे न फेडलेल्या बिलांची चळत. जोडीच्या चित्रात त्याचे वडील तिसरे जॉर्ज उकडलेले अंडे खात बसलेले. बाप अंड्यावर, लेक उधारीवर!

आता असल्या चित्रकाराचे करायचे काय? सरकारने सोपा उपाय काढला. १७९७ पासून गिलरेला वर्षाला दोनशे पौंडांचे पेन्शन सुरू झाले आणि त्याची लेखणी विरोधकांवर अधिक जोमाने चालू लागली.

हाच युवराज पुढे चौथा जॉर्ज झाला. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराला शंभर पौंड देण्यात आले. अट एकच : महाराजांना कोणत्याही अनैतिक स्थितीत दाखवायचे नाही. या अटीतच कबुलीजबाब आहे, हे राजाच्या एकाही सल्लागाराला कळले नाही! त्याच वर्षी क्रुकशँकने राजाची टर उडवणारी चित्रे पुन्हा काढलीच. करार कसा करू नये, हे शिकवायला एवढे उदाहरण पुरे.

पण सगळेच विकत घेता येत नाहीत. विल्यम होन हा गरीब पुस्तकविक्रेता. प्रार्थनेच्या चालीवर त्याने मंत्र्यांची खिल्ली उडवली. डिसेंबर १८१७ मध्ये लागोपाठ तीन दिवस त्याच्यावर तीन खटले चालले. वकील नाही, जुन्या पुस्तकांचा आणि चित्रांचा ढीग घेऊन तो स्वतःच तासन् तास बोलला. त्याचा मुद्दा कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठ करावा असा होता : धर्मवचनांची अशी विडंबने आधीपासून होत आली, मंत्री कॅनिंग यांच्या गटाने केली, सरकारी पेन्शन खाणाऱ्या गिलरेनेही केली. त्यांना पेन्शन आणि मला तुरुंग, हा कुठला न्याय? लोक हसत होते, न्यायमूर्ती संतापत होते. ज्युरीने तिन्ही वेळा त्याला निर्दोष सोडले.

तरीही या चित्रकारांची आरती ओवाळायचे कारण नाही. १७९१ साली गिलरेने वेस्ट इंडिजमधील गुलामांवरचे अमानुष अत्याचार दाखवले हे खरे. पण १८१९ मध्ये याच क्रुकशँकने एका चित्रात काळ्या माणसांची आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांची अत्यंत हीन टवाळी केली. तेव्हा व्यंगचित्र पाहून हसण्याआधी वाचकांनी एवढेच तपासावे : हा माणूस कोणाला हसवतो आहे, आणि कोणाच्या जिवावर?