इंग्रजी सामासिक नामांचा उच्चार

दोन स्वतंत्र शब्द एकत्र येऊन बनलेल्या इंग्रजी नामास सामासिक नाम म्हणतात. ते जोडून, सुटे किंवा संयोगचिन्हाने लिहिले जाते. मात्र केवळ लेखनावरून त्याचा उच्चार ठरत नाही.

अक्षरविभागणी

येथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चारघटक. विभागणी प्रथम दोन पदांच्या सांध्यावर होते. 'लाइटहाउस' या शब्दात टी व एच हे वर्ण शेजारी असले, तरी ते भिन्न पदांतील असल्याने त्यांचा 'थ' होत नाही. मेंढपाळ या अर्थाचा 'शेपर्ड' हा शब्द मेंढी व राखणदार या अर्थांच्या पदांपासून बनला आहे. म्हणून त्यात 'फ' नाही. 'शेफर्ड' हा उच्चार लेखनानुसारी होय.

आघात

मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर असतो. 'ब्लॅकबोर्ड'मध्ये 'ब्लॅक'वर आघात दिल्यास वर्गातील फळा, तर 'बोर्ड'वर दिल्यास काळ्या रंगाची कोणतीही फळी, असा अर्थ होतो. 'इंग्लिश टीचर'मध्ये 'इंग्लिश'वरील आघाताने इंग्रजी शिकवणारा शिक्षक, तर 'टीचर'वरील आघाताने इंग्रज असलेला शिक्षक सूचित होतो. मराठीत आघातामुळे शब्दाचा अर्थ बदलत नसल्याने मराठी भाषकांकडून हा भेद अनेकदा निसटतो.

याला अपवादही आहेत. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये आघात 'ऑक्सफर्ड'वर, तर 'ऑक्सफर्ड रोड'मध्ये 'रोड'वर असतो.

उच्चारातील झीज

आघात नसलेले पद कालांतराने झिजते. 'पोस्टमन'मधील 'मॅन'चा स्वर क्षीण होतो. 'कप' आणि 'बोर्ड' यांपासून बनलेल्या 'कबर्ड'मध्ये 'प' उच्चारलाच जात नाही.