हृदयशस्त्रक्रियेनंतर शरीरातील पाण्याचा तोल

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु त्यानंतरचे काही दिवस रुग्णाच्या शरीरात पाणी व क्षार यांचा तोल सांभाळण्याचे नाजूक कार्य चाललेले असते.

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालू असता हे यंत्र शरीरास रक्तपुरवठा करते. मात्र त्याच्या नळ्यांत आधीच भरलेला द्रव मिसळून रक्त पातळ होते. यंत्राच्या संपर्काने शरीरात दाहही निर्माण होतो व सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर झिरपते. चेहरा व पाय सुजतात ते यामुळे.

अशा वेळी शरीरास जणू रक्तस्रावच झाल्याचा भास होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचे अल्डोस्टेरॉन सोडियम राखते व पोटॅशियम बाहेर टाकते. जखमी जिवाच्या रक्षणासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद येथे अडचणीची ठरते.

रक्तातील सोडियम सामान्यतः लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. पाणी साठून ते फारच घटल्यास मळमळ, गुंगी, भ्रम व क्वचित आचके येतात. पोटॅशियम सुमारे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते; ते घटले वा वाढले तरी हृदयाचे ठोके अनियमित होतात. कॉर्टिसॉल वाढल्याने मधुमेह नसलेल्यांचीही रक्तशर्करा काही काळ वाढू शकते. म्हणूनच रुग्णालयात लघवीचे मोजमाप, रक्ततपासणी व रोजचे वजन यांवर कटाक्ष असतो.

घरी परतल्यावर ही दक्षता सैल पडू नये. अशक्तपणा जावा म्हणून रुग्णास भरपूर पाणी व शहाळे देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच ठेवावे. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास, किंवा पोटॅशियम राखून ठेवणारी औषधे चालू असल्यास ते अपायकारक ठरू शकते. लोणचे व पापड यांतील मिठाने शरीरात पाणी साठते. लघवी वाढविणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रुग्णाचे वजन रोज सकाळी, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर करून लिहून ठेवावे. एका दिवसात एक किलोहून किंवा आठवड्यात दोन किलोहून अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांना कळवावे. आडवे होताच धाप लागणे, लघवी कमी होणे, छातीत धडधडणे वा असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे खेड्यापाड्यांतील रुग्णांनाही हृदयशस्त्रक्रियेचा लाभ मिळू लागला आहे. ज्यांच्या घरी वजनकाटा नाही, त्यांच्यासाठी गावातच तशी सोय करून देणे ग्रामपंचायतीस अवघड नाही. शस्त्रक्रिया झालेला विद्यार्थी अशी गोळी घेत असल्यास त्याला वर्गातून लघवीस जाण्याची मुभा शिक्षकांनी द्यावी. शल्यविशारदाच्या कौशल्याने वाचलेला जीव पुढे अशा साध्या दक्षतेनेच सुरक्षित राहतो.