दादांना अलार्म ऐकू येत नाही, अजान मात्र येते

पहाटे मोबाईलचा अलार्म वाजतो. मुले कूस बदलून पुन्हा झोपतात, सूनबाई उठून तो बंद करते, आणि फोन उशाशीच असूनही दादांना पत्ताच नसतो. थोड्या वेळाने मशिदीतून अजान सुरू झाली की दादा लगेच उठून बसतात. मग कोणीतरी हळूच म्हणते, "यांना हवे तेव्हाच ऐकू येते." अशी वाक्ये आम्ही बऱ्याच घरांत ऐकली आहेत, आणि दादांना ती नेमकी ऐकू जातात तेव्हा काय होते तेही पाहिले आहे. खरे तर यात त्यांचा दोष नाही. लाऊडस्पीकरचा आवाज मोठा असतो हे आहेच, पण कारण तेवढेच नाही.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते, पडदा हलतो आणि त्याला चिकटलेली तीन इवलीशी हाडे ती हालचाल आत पोहोचवतात. त्यातले शेवटचे हाड जेमतेम ३ मिलिमीटरचे, म्हणजे शरीरातले सर्वांत लहान. त्याच्या पुढे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. खरे काम इथे चालते. प्रत्येक कानाच्या नळीत १५ हजारांच्या आसपास केसपेशी असतात. द्रव हलला की त्यांच्या टोकाचे सूक्ष्म केस वाकतात आणि त्या हालचालीचा विजेचा संदेश बनून मेंदूकडे जातो.

या नळीत प्रत्येक आवाजाची जागा ठरलेली आहे. जाड, खर्जातला आवाज नळीच्या आतल्या टोकाशी पकडला जातो. शिट्टी, अलार्मची टीटी असले बारीक आवाज दाराशीच. वय वाढते तशा दाराजवळच्या पेशी आधी झिजतात, आणि माणसाच्या कानात एकदा मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून मुअज्जिनचा भरदार आवाज दादांपर्यंत पोहोचतो, अलार्मचा टोकदार आवाज बाहेरच राहतो.

बोलण्याचेही असेच होते. 'आ', 'ओ' हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' यांची फुसफुस बारीक असते, ती गळून पडते. त्यामुळे कोणी बोलते आहे हे दादांना कळते, पण 'साखर' म्हणाले की 'भाकर' ते कळत नाही. दस्तरखानावर हशा होतो. पुढच्या वेळी दादा विचारायचेच सोडून देतात, नुसती मान डोलावतात. घरात माणसे भरलेली असून एकटे पडणे असे सुरू होते.

ओरडून फारसा फायदा होत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेली अक्षरे हरवलेलीच राहतात. टीव्ही बंद करून, समोर बसून, चेहरा दिसेल असे सावकाश बोलावे. आणि कानाची तपासणी करून घ्यावी. चाळिशीत चष्मा लागला तर आपण लाजत नाही, मग कानाच्या मशीनलाच "लोक काय म्हणतील" का? कोणता आवाज किती कमी ऐकू येतो याचा आलेख तपासणीत निघतो आणि मशीन त्याप्रमाणे बसवले जाते. तपासणीविना घेतलेला स्वस्त डबा सगळेच आवाज मोठे करतो, मग दादा वैतागून तो कपाटात ठेवतात.

तरुणांनी हसू नये. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास, ही कामगारांसाठी सांगितली जाणारी मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. लग्नातल्या डीजेजवळून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्या पेशींना मार बसला असे समजा.

डोळ्याचे काम वेगळे, पण तत्त्व तेच. प्रकाश बाहेरून येतो आणि आतल्या पेशी त्याचा संदेश बनवतात. आज हे साधे वाटते. जुने ग्रीक विद्वान मात्र डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात, असे मानत. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाजिर'मध्ये हे खोडून काढले. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येते, हा त्यांचा साधा पण पक्का मुद्दा. त्यांनी आणखी एक सांगितले: पाहण्यात मनाच्या निवाड्याचाही भाग असतो.

रंगांबाबत हे फार खरे आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंगासाठी तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्या तिघींच्या संदेशांची तुलना करून मेंदू हिरवा, लाल, जांभळा ठरवतो. एक प्रकार नसेल किंवा नीट काम करत नसेल तर लाल-हिरव्यात गोंधळ होतो. मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवतो आणि बाईंची बोलणी खातो. त्याला मात्र चुकले काय ते समजत नाही, कारण तो जन्मापासून तसेच पाहत आला आहे.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने रेल्वेत लोको पायलट होण्यासाठी दोन वर्षे अभ्यास केला, लेखी परीक्षाही पास झाला, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसलाच नाही. ठिपक्यांची ही चाचणी जपानी डॉक्टर इशिहारा यांची आहे. नेत्रतज्ज्ञाकडे ती पाच मिनिटांत होते. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, पण आईला स्वतःला सहसा काहीच जाणवत नाही. तेव्हा नानांची किंवा मामूंची रंग सांगताना गडबड होत असेल, तर मुलाची चाचणी दहावीच्या आधीच करून घ्या. लाल-हिरवा ओळखावा लागणार नाही अशी कामे पुष्कळ आहेत, ती निवडायला वेळ तरी मिळेल.