माझा नंबर धर

सकाळचे अकरा. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तळमजला. शिष्यवृत्तीच्या खिडकीची काच अर्धी सरकवलेली आहे. पंखा आत गरगरतो, वारा बाहेर येत नाही. रांग जिन्याला वळसा घालून सायकलस्टँडपर्यंत पोचली आहे. भाचीसोबत मीही उभा आहे.

प्रत्येकाच्या हातात चेनची फाइल. पुढची मुलगी तिसऱ्यांदा कागद तपासते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, गुणपत्रिका. तळाशी जातवैधता प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं. "यासाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधला," ती सांगते. "बाबांचे चार खाडे झाले."

ऊन पायरीवर येतं. मी चहाला कँटीनकडे निघतो.

कोपऱ्यातल्या टेबलावर आवाज चढलाय. "त्यांचा कटऑफ कमी, वर फी माफ. आपण काय पाप केलं?" चष्मेवाला मुलगा वडापावाचा कागद चुरगाळतो. "एम-वनच्या गणितात निम्मा वर्ग उडाला, तेव्हा कुठं विचारली कुणी जात?" समोरची मुलगी म्हणते. "मी मेरिटवर खुल्या जागेत आलेय. तरी प्रोजेक्टचा ग्रुप पाडताना पहिला प्रश्न, कोट्यातली का?" टेबल गप्प होतं. कुणीतरी क्रिकेटचा विषय काढतं.

परत येतो तर रांग दोन पावलंच सरकलेली. भिंतीवर योजनांचे कागद चिकटवलेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या मुलींना २०२४-२५पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ, मर्यादा ८ लाख. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना त्याच मर्यादेत निम्मं. या शेवटच्या कागदाचा कोपरा फाटलाय. तो कुणी वाचताना दिसत नाही.

खिडकीतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन. थांबा."

रांग मोडत नाही, खाली बसते. फायलींचे पंखे होतात. इतक्यात कँटीनमधला चष्मेवाला येतो. त्याच्याही काखेत फाइल.

"ही ओपनवाल्यांचीच लाइन ना?"

"एकच लाइन आहे," भाची सांगते. "आधार बँकेला लिंक केलंयस? नाहीतर पैसे अडकतात."

तो मोबाइल काढतो, स्क्रीनवर बोट फिरवतो. चेहरा उतरतो.

"केलेलं नाही."

"बँक दोनपर्यंत गाठ. जा, मी नंबर धरते."

तो फाइल तिच्या मांडीवर ठेवतो आणि गेटकडे पळत सुटतो. ती दोन्ही फायली एकावर एक ठेवून वारा घेऊ लागते.