युरोपचे गावकूस

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुला-मुलींची छायाचित्रे आता वस्तीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन पोहोचतात. कुणी बर्फात उभा असतो, कुणी जुन्या पुलावर, कुणी विद्यापीठाच्या दारात. पाहणाऱ्याला आनंद होतो आणि झालाच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली, त्यांची नात युरोपच्या विद्यापीठात पहिल्या बाकावर बसते ही साधी गोष्ट नाही. माझेही असेच एक छायाचित्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये आमच्या वस्तीत फिरले. प्राग शहर, चार्ल्स पूल, मागे व्ल्तावा नदी, अंगावर उसना घेतलेला जाड कोट. सगळ्यांनी कौतुक केले. परंतु त्या छायाचित्रात जे आले नाही तेच महत्त्वाचे होते. ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात होते. नाताळ जवळ आला की तिथले विद्यापीठ दोन आठवडे बंद होते. जर्मन मुले आपापल्या घरी जातात, वसतिगृहाचे मजले रिकामे होतात, खानावळ बंद, दुकाने बंद. दुपारी चारलाच अंधार पडतो. उरतात ती फक्त परदेशी मुले. मग या मुलांचे टोळके करून शेजारच्या देशात जाण्याचा बेत ठरतो. ड्रेस्डेनहून चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत येते. आम्ही तिघे निघालो. मी, ब्राझीलची एक मुलगी आणि दिल्लीहून आलेला एक मुलगा. निघताना आमच्या मजल्यावरच्या जर्मन मैत्रिणीने काळजीने बजावले, “पर्स सांभाळा हं. तिकडे जिप्सी फार आहेत.”

रेल्वे नदीच्या काठाकाठाने जाते. जर्मनीत तिचे नाव एल्बे, सीमा ओलांडली की लाबे. नदी तीच, पाणी तेच. २००७ च्या डिसेंबरमध्ये चेक देश शेंगेन व्यवस्थेत आला आणि या सीमेवरची नेहमीची पारपत्र तपासणी बंद झाली. डोंगर, धुके, पांढरी छपरे मागे पडत होती. वाटेत ऊस्ती नाद लाबेम नावाचे एक स्थानक लागले. गाडी दोन मिनिटे थांबली. मी खिडकीतून पाहिले आणि पुन्हा गप्पांत रमले. त्या गावात काय घडले होते, याची मला तेव्हा गंधवार्ताही नव्हती.

प्राग सुंदर आहे, यात वाद नाही. १४१० सालचे खगोलीय घड्याळ अजून तास वाजवते. जुन्या चौकात नाताळचा बाजार भरतो. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. आपल्या माणसांचे मरण एवढ्या निगुतीने लिहून ठेवणारा समाज पाहून मन भरून आले. खैरलांजीची नावे आपण कोणत्या भिंतीवर लिहिली, हा प्रश्न तिथे उभी असताना माझ्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हातमोजे घेण्यासाठी एका दुकानात शिरलो. पहारेकरी माझ्या मागे मागे फिरू लागला. ब्राझीलच्या गोऱ्या मुलीच्या मागे नाही, माझ्या. मी थांबले की तो थांबे, मी वळले की तो वळे. दाराजवळ त्याने चेक भाषेत काहीतरी म्हणत माझ्या पिशवीकडे बोट दाखवले. मी पिशवी उघडू लागले, तोच दिल्लीचा मुलगा पुढे होऊन इंग्रजीत म्हणाला, “ही भारतीय आहे. जर्मनीत शिकते.” पहारेकऱ्याचा चेहरा क्षणात बदलला. “ओ, इंडिया!” तो हसला, हात जोडून नमस्ते म्हणाला आणि त्याने आम्हाला दार उघडून दिले.

मला हायसे वाटले. आणि वाचकहो, त्या हायसे वाटण्याचीच मला आज लाज वाटते.

कारण पहारेकऱ्याने मला कोण समजले होते, ते मला ठाऊक होते. ‘मी त्यांच्यातली नाही’ एवढे सिद्ध झाले म्हणून मी सुटले होते. पुण्यात खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारले की जीभ अडखळते. कधी अर्धेच नाव सांगावेसे वाटते. चावी हातात आली की हायसे वाटते. तेच हे हायसे वाटणे. अपमान संपलेला नसतो, तो फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेला असतो.

रात्री दिल्लीचा मुलगा म्हणाला, “हे जिप्सी मूळचे आपल्याकडचेच. राजपूत योद्धे होते ते.” मी म्हटले, “आपले आहेत तर मग आज तू मला त्यांच्यापासून वेगळे का काढलेस?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते. दुसऱ्या दिवशी ते दोघे ख्रिसमसची रोषणाई पाहायला प्रागमध्येच थांबले आणि मी एकटी ब्रनोची गाडी पकडली.

ब्रनो हे चेक देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथे ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावर, रोमा लोकांच्या वस्तीतच, रोमा संस्कृतीचे संग्रहालय आहे. १९९१ मध्ये ते स्थापन झाले. जग ज्यांना ‘जिप्सी’ म्हणते ते स्वतःला ‘रोम’ म्हणवतात. त्यांच्या भाषेत रोम म्हणजे माणूस, पुरुष. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, “इंडिया?” मी मान हलवली. इथे मात्र मागे कुणी फिरले नाही. त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली आणि मला सोबत घेतले. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. मी म्हटले, एक, दोन, तीन, चार, पाच. पुढचे एफ्ता, ओख्तो, एन्या हे सात, आठ, नऊ मात्र ग्रीक भाषेतून घेतलेले. भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी निघालेली ही माणसे कोणत्या वाटेने गेली, ते त्यांच्या आकड्यांतच लिहून ठेवले आहे. पाण्याला ते पानी म्हणतात, नाकाला नाख, कानाला कान, काळ्याला कालो, सुरीला छुरी आणि माणसाला मानुश. भिंतीवर त्यांचा ध्वज होता. वर निळा, खाली हिरवा आणि मध्ये लाल चाक. १९७१ च्या जागतिक रोमा परिषदेने तो स्वीकारला. सोळा आऱ्यांचे ते चाक पाहून अशोकचक्र आठवल्याशिवाय राहत नाही.

आता राजपुतांविषयी. ‘रोम’ हा शब्द ‘डोम’ या भारतीय शब्दापासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. डोम कोण, हे काशीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्यांना विचारा. यावरून सगळे रोमा एकाच जातीचे वंशज ठरत नाहीत, हेही खरे. पण ज्या देशाला डोमांची आठवण नकोशी वाटते त्याच देशाला युरोपातल्या रोमांमध्ये राजपूत दिसू लागतात, याचा अर्थ काय? २०१६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. म्हणावे, जरूर म्हणावे. पण काशीच्या घाटावरच्या लेकराला घरात कधी घेणार, तेही सांगावे.

त्या संग्रहालयात मी चार तास होते. नाझींच्या काळात चेक भूमीवरचे रोमा जवळजवळ नष्टच झाले. साडेसहा हजारांच्या आसपास लोकांपैकी सहाशेही छळछावण्यांतून परतले नाहीत. आज तिथे दिसणारे बहुतेक रोमा नंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांच्या घरातले आहेत. लेती या गावी रोमांसाठी एक छावणी होती आणि तिच्यावर पहारा जर्मन शिपायांचा नव्हता, चेक शिपायांचाच होता. तेराशेच्या आसपास माणसे तिथे डांबली गेली. तीनशेहून अधिक तिथेच मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. पाचशेच्या वर माणसे पुढे ऑशविट्झला पाठवली गेली. आणि युद्धानंतर या जागेचे काय झाले? १९७० च्या दशकात तिथे डुकरांचे कारखानावजा फार्म उभे राहिले. रोमा कुटुंबे वर्षानुवर्षे आपल्या मृतांसाठी फुले घेऊन येत आणि पलीकडे हजारो डुकरे असत. १९८९ मध्ये राजवट बदलली, लोकशाही आली, तरी फार्म हलले नाही. २०१७ मध्ये सरकारने ते विकत घेण्याचा करार केला, २०२२ मध्ये पाडायला घेतले आणि २०२४ मध्ये तिथे स्मारक खुले झाले. ज्यूंची नावे भिंतीवर आली. रोमांच्या थडग्यांवरून डुकरे उठायला मात्र एवढी वर्षे लागली. मेल्यानंतरही सगळे सारखे नसतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिथेच ओस्त्रावा शहरातल्या शाळांची हकिकत वाचली. रोमा मुलांना मोठ्या संख्येने मतिमंद मुलांच्या ‘विशेष शाळां’त पाठवले जाई. का, तर बुद्धिमापन चाचणीत गुण कमी पडले. चाचणी सर्वांना सारखीच, म्हणजे अन्याय कसला? शिवाय पालकांनी सह्या केल्या होत्या! अठरा रोमा मुलांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये ते हरले, पण थांबले नाहीत. १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. नियम वरवर सर्वांना सारखा दिसला तरी त्याचा मार एकाच समाजावर पडत असेल तर तो भेदभावच होय, आणि पालकांच्या सहीने तो धुतला जात नाही, असे न्यायालयाने मानले. ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून आपल्या मुलांच्या तोंडावर दारे आपटणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. आपल्या वकिलांनी तर पाठच करावा.

आणि तिथेच ऊस्ती नाद लाबेमचे नाव पुन्हा समोर आले. त्या गावात मातिचनी नावाची एक गल्ली आहे. एका बाजूला रोमांच्या इमारती, समोर इतरांची घरे. समोरच्यांची तक्रार अशी, की हे लोक गोंगाट करतात, घाण करतात. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी नगरपालिकेने मधोमध भिंत उभी केली. देशभर, युरोपभर ओरड झाली. सरकारने पैसा ओतला, त्यातून समोरच्यांची घरे विकत घेतली गेली. सहा आठवड्यांत भिंत उतरवली.

मी परतीच्या वाटेवर ऊस्तीला उतरले. बसने त्या गल्लीत गेले. बर्फ भुरभुरत होता. पाहण्यासारखे तिथे काहीच नव्हते. भिंत नाही, फलक नाही, साधा रस्ता. तरी मी बराच वेळ उभी राहिले. आपल्या भाषेत ‘गावकूस’ हा शब्द आहे. गावाभोवतीची ती भिंत. आपण तिच्या बाहेरचे. बहुतेक गावांत ती भिंत कधीच ढासळली, पण ‘गावकुसाबाहेरचे’ हा शब्द राहिला. तमिळनाडूतल्या उथापुरममध्ये १९८९ साली दलितांना अडवणारी भिंत बांधली गेली. तिचा काही भाग पाडायला २००८ साल उजाडावे लागले. ऊस्तीची भिंत सहा आठवड्यांत गेली, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण ज्या मनाने ती बांधली ते मन त्या दुकानात माझ्या मागे फिरत होते.

संध्याकाळी ड्रेस्डेनची गाडी पकडली. डबा भरलेला. आदल्या वर्षीपासून जर्मनीने त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली होती. गणवेशातले दोघे डब्यात चढले. सगळ्या रांगा ओलांडून ते माझ्यापाशी आले आणि माझ्या मागे बसलेल्या एका सावळ्या कुटुंबापाशी. आई, वडील, दोन मुले. माझे पारपत्र आणि राहण्याचा परवाना पाहून त्यांनी आभार मानले. त्या कुटुंबाच्या पिशव्या मात्र उघडल्या गेल्या. या वेळी मला हायसे वाटले नाही. शेजारच्या आजींनी कुजबुजत विचारले, “तुम्ही त्यांच्याबरोबरच्या का?” मी म्हणाले, “हो.” लहान मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी बोटे मोजत म्हटले, “येख, दुय, त्रिन.” ती हसली आणि म्हणाली, “श्तार.”

आता मुद्द्याचे. शिष्यवृत्ती मिळवून, फ्रीशिप मिळवून, कर्ज काढून आपली मुले दरवर्षी परदेशी जातील. गेलीच पाहिजेत. सुट्टीत फिरतील, पूल पाहतील, किल्ले पाहतील. जरूर पाहावेत. पण ज्या देशात जाल त्या देशाचे गावकूस कुठे आहे, ते शोधून काढा. एक दिवस तिथे घालवा. तिथली माणसे कशी लढली, न्यायालयात कशी गेली, हरल्यावर पुन्हा कशी उभी राहिली, ते लिहून आणा. चेक देशात सक्तीने नसबंदी केलेल्या स्त्रिया, त्यांतल्या बहुसंख्य रोमा, वर्षानुवर्षे लढल्या आणि २०२१ मध्ये प्रत्येकी तीन लाख कोरुना भरपाईचा कायदा मिळवला. हे ज्ञान आपल्या चळवळीच्या कामाचे आहे.

आणि कुणी तुम्हाला ‘हे त्यांच्यातले नाहीत’ म्हणून दार उघडून दिले, तर आत जाण्यापूर्वी क्षणभर थांबा. आपल्या मागे कुणासाठी ते दार बंद होत आहे, ते वळून पाहा.