ऑफिसात जावा ७, मोबाईलवर जावा १७

मागच्या वर्षी इंटरव्ह्यूत ‘स्ट्रीम’बद्दल विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. चार वर्षं रोज जावा लिहितोय, पण आमचा प्रोजेक्ट अजून जावा ७ वर, म्हणजे २०११ मध्येच आहे. स्ट्रीम आणि लॅम्बडा आले २०१४ मध्ये, जावा ८ सोबत.

प्रोजेक्ट बदलणं माझ्या हातात नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर नवं काही टाकायची परवानगीही नाही. म्हणून अँड्रॉइड फोनवर टर्मक्स घेतलं (एफ-ड्रॉइडवरून घ्या) आणि त्यात ओपनजेडीके १७ टाकलं. छोटे प्रोग्राम आरामात चालतात, टायपिंगचा मात्र वैताग येतो.

दिवसा जे जुन्या पद्धतीने लिहिलं, तसंच काहीतरी रात्री नव्या पद्धतीने लिहितो. कंपनीचा कोड अजिबात घरी आणायचा नाही हं, नोकरी जाईल! उदाहरण आपलंच. समजा किराणा मालाची यादी आहे. वस्तूचं नाव आणि किंमत ठेवणाऱ्या क्लासला गेटर, इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग धरून माझ्या चाळीसेक ओळी व्हायच्या. जावा १६ पासून पक्क्या झालेल्या ‘रेकॉर्ड’मध्ये हेच एका ओळीत होतं. त्या चाळीस ओळी हाताने लिहिल्या असल्यामुळे रेकॉर्ड आतून काय करतो हे मला लगेच कळलं.

दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. सगळ्यांच्या मागे मी धावत नाही. १७, २१ अशा दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्याच बघतो.

शनिवारी पुन्हा इंटरव्ह्यू आहे. रेझ्युमेवर जावा १७ च्या पुढे ‘स्वतःचा सराव’ असं लिहिलंय. प्रोजेक्टमध्ये वापरलं अशी थाप मारली, तर दुसऱ्याच प्रश्नाला पकडला जाईन.